छताला ओल आली? फ्लॅटमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी

गिरगावातल्या चाळीत आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचो. तिथे गळायचं ते कौलांतून. पावसाच्या आधी कौलं शाकारून घ्यायची आणि तरी गळलं तर खाली घमेलं ठेवायचं. त्यात शेजाऱ्याचा दोष कधीच नसायचा. डोंबिवलीत फ्लॅट घेतला आणि पहिल्याच हिवाळ्यात संडासाच्या छतावर वाटीएवढा पिवळट डाग उमटला. पावसाचा थेंब नाही, वर गच्चीही नाही, वर दुसऱ्यांचं घर. म्हणजे हे पाणी कुणाच्या तरी वापरातलं होतं. चाळीतून किंवा गावाकडून आलेल्या माणसाला ही गोष्ट नवीनच असते.

त्या डागापायी आमचं जवळजवळ दीड वर्ष गेलं. वरच्या काकूंशी बोलणं तुटलं, त्यांचे पैसे विनाकारण खर्च झाले, आणि शेवटी कळलं की चूक त्यांच्या घरात नव्हतीच. नंतर चार वर्षांनी आमच्या बाथरूममधून खालच्या घरात पाणी उतरलं, तेव्हा दुसरी बाजूही बघितली. दोन्ही वेळेला जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. पायऱ्या शक्यतो याच क्रमाने करा. आमचं नुकसान झालं ते क्रम चुकल्यामुळे.

१. सगळ्यात आधी वीज बघा

डाग दिसला की आपण फोटो काढतो, वर जाऊन बेल वाजवतो. त्याआधी छतातल्या दिव्याकडे बघा. वायरिंगचे पाइप स्लॅबमधूनच गेलेले असतात आणि पाणी त्या पाइपातून थेट होल्डरपर्यंत येतं. दिव्याच्या कडेने ओल असेल, होल्डरमध्ये थेंब दिसत असेल, भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर त्या खोलीचा एमसीबी (मीटरच्या बोर्डातला त्या खोलीची वीज तोडणारा खटका) बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. गीझरचा पॉइंट त्याच भिंतीवर असेल तर तोही बंद. चार दिवस चुलीवर, गॅसवर पाणी तापवावं लागलं तरी चालेल. घरात आरसीसीबी (वीज कुठे गळली की आपोआप पडणारा खटका) नसेल तर याच निमित्ताने बसवून घ्या. विजेचा झटका जिवावर बेतायच्या आत तो वीज तोडतो.

दुसरं म्हणजे, डागाखालचा गिलावा लांब काठीने हलकेच ठोकून बघा. 'टक्क' आवाज आला तर गिलावा धरून आहे. 'डबडब' असा पोकळ आवाज आला तर तो स्लॅबपासून सुटलाय आणि कधीही पडेल. तेवढा भाग मिस्त्रीकडून आधी पाडून घ्या. आत सळई दिसली आणि ती गंजून फुगलेली असली तर त्याचा फोटो जपून ठेवा, पुढे लागणार आहे. गंजलेली सळई मूळच्यापेक्षा जास्त जागा घेते आणि काँक्रीटला आतून फोडते. 'थोडीशी ओलच तर आहे' म्हणून वर्षानुवर्षं सोडलेल्या छतांचे ढलपे पडायला सुरुवात होते ती यामुळेच.

२. डागाभोवती पेन्सिल फिरवा

हा उपाय मला एका म्हाताऱ्या प्लंबरने सांगितला आणि एवढ्या साध्या गोष्टीने जितकं कळलं तितकं महागड्या तपासणीनेही कळलं नसतं. ओलीची जी कडा दिसते, तिच्यावरून पेन्सिलीने रेघ ओढायची आणि रेघेच्या बाजूला तारीख नि वेळ लिहायची. दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. ओल रेघेच्या बाहेर गेली असेल तर नवी रेघ, नवी तारीख. आमच्या छतावर अशा सात रेघा झाल्या होत्या, झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारख्या.

त्यासोबत एका वहीत रोजची नोंद ठेवा: थेंब पडतोय का, किती वाजता पडतो, किती मिनिटं पडतो, त्या दिवशी पाऊस होता का, वरची मंडळी घरी होती का. बादलीत किती पाणी साठलं तेही लिहा. हे पंधरा दिवस करा. फोटो काढताना मोबाइलवर तारीख उमटेल असं बघा. पुढे सोसायटीच्या कमिटीसमोर किंवा त्याही पुढे जावं लागलं तर ही वही तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा असते, कारण 'केव्हापासून गळतंय' या प्रश्नावर सगळे अंदाजाने बोलतात आणि तुमच्याकडे तारखा असतात.

या पंधरा दिवसांत एक गोष्ट अजिबात करू नका: रंग. आम्ही तीच चूक केली. ओलीवर पुट्टी लावली, वर 'वॉटरप्रूफ' म्हणून मिळणारा रंग दिला. महिन्याभरात त्याला पाण्याने भरलेला फुगा आला आणि मूळ डाग कुठून सुरू झाला होता ते कळायची सोय राहिली नाही. पाणी वरून येत असताना खालून रंग लावून ते थांबत नाही, ते बाजूला सरकतं. पीओपीच्या फॉल्स सीलिंगने झाकणं तर त्याहून वाईट, कारण मग स्लॅब आत सडत असतो आणि आपल्याला दिसत नाही.

३. पाणी कुठलं ते ओळखा

आमची खरी चूक इथे झाली, म्हणून ही पायरी सविस्तर लिहितो. छतावर ओल दिसली की आपण गृहीत धरतो, बरोब्बर वरच्या फरशीतून येतंय. पाण्याला तसं बंधन नाही. ते स्लॅबवरून, सळईवरून, पाइपाच्या बाहेरच्या अंगाने पाच-सहा फूट आडवं जातं आणि जिथे वाट मिळेल तिथे खाली उतरतं.

फ्लॅटच्या इमारतीत पाणी चार ठिकाणांहून येऊ शकतं. पाऊस, म्हणजे गच्ची किंवा बाहेरची भिंत. दाबाची लाईन, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून नळांना येणारे पाइप. वापरलेलं पाणी, म्हणजे फरशीचे सांधे, नहाणी ट्रॅप (फरशीतल्या पाणी जायच्या भोकाखालचं भांडं), कमोडचा जोड. आणि डक्टमधल्या (इमारतीत पाइपांसाठी वरपासून खालपर्यंत सोडलेल्या मोकळ्या जागेतल्या) सामाईक उभ्या लाइनी, ज्यातून सगळ्या मजल्यांचं घाण पाणी खाली जातं.

वहीतल्या नोंदी आता कामाला येतात.

फक्त पावसाळ्यात गळतं, आणि जोराच्या सरीनंतर काही तासांनी वाढतं: बाहेरची भिंत, छज्जा, खिडकीची चौकट किंवा तुम्ही सगळ्यात वर असाल तर गच्ची.

दिवसरात्र सारखंच गळतं, वरचे गावाला गेले तरी थांबत नाही: दाबाची लाईन. गच्चीवर त्या लाइनीचा व्हॉल्व्ह असतो. सेक्रेटरींना सांगून रात्री अकराला तो बंद करा, सकाळी बघा. गळणं कमी झालं तर पाइप फुटलाय. १९८०-९० च्या इमारतींत भिंतीत गाडलेले जीआयचे (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे) पाइप आतून गंजून चाळणी झालेले असतात.

सकाळी आंघोळीच्या वेळी वाढतं, दुपारी मंदावतं: बाथरूमची फरशी किंवा ट्रॅप.

फ्लश केल्यावर काही मिनिटांत थेंब, आणि वास: कमोडचा जोड किंवा घाण पाण्याची लाईन.

वेळेचा काहीच मेळ लागत नाही, वरची मंडळी घरात नसतानाही कधी गळतं कधी नाही: डक्ट बघा. तिथे फक्त वरच्या घराचं नाही, त्याच्याही वरच्या घरांचं पाणी वाहतं.

आमच्या वहीत हेच दिसत होतं. काकू पुण्याला लेकीकडे दहा दिवस गेल्या होत्या आणि त्यातल्या सहा दिवशी आमच्याकडे थेंब पडल्याची नोंद माझ्याच अक्षरात होती. तरी मी ती नीट वाचली नाही. प्लंबरने वर बघून 'टाइल्सचे जॉइंट गेलेत' म्हटलं आणि मी ते धरून बसलो. काकूंनी सगळ्या बाथरूमचे सांधे भरून घेतले. गळती तशीच. शेवटी दुसऱ्या माणसाने डक्टमध्ये उतरून टॉर्च मारला तेव्हा दिसलं: बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) जुन्या पाइपाला कॉलरपाशी, म्हणजे दोन पाइप जुळतात तिथे, उभी चीर गेली होती आणि चौथ्या मजल्याचं पाणी तिथून भिंतीत शिरत होतं. डक्टचं दार आमच्याच स्वयंपाकघराच्या मागे होतं. ते उघडायला पाच मिनिटं लागली असती.

म्हणून आधी डक्ट, मग बाकीचं.

डक्ट कोरडा निघाला आणि संशय वरच्या बाथरूमवरच राहिला तर पाणी भरून चाचणी करा. वरच्यांची परवानगी घेऊन नहाणीचं तोंड कापडाच्या बोळ्याने किंवा प्लगने घट्ट बंद करायचं, उंबऱ्यापाशी अडसर करायचा आणि फरशीवर इंचभर पाणी भरून २४ तास ठेवायचं. पाण्यात खाण्याचा रंग टाकला तर बरं. खाली रंगीत पाणी उतरलं तर वाद मिटला. मात्र रंग आला नाही म्हणून फरशी निर्दोष ठरत नाही. बाथरूमखालचा स्लॅब आठ-दहा इंच खाली घेतलेला असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. तो कोबा स्पंजासारखा पाणी धरतो, रंग गाळून टाकतो आणि वापर थांबवल्यानंतरही कितीतरी दिवस खाली पाणी सोडत राहतो. त्यामुळे 'आम्ही काल बाथरूम वापरलंच नाही, तरी गळतंय, म्हणजे आमचं नाही' हे वरच्यांचं म्हणणंही खरं धरू नका आणि खोटंही. किमान आठवडाभर बघा.

४. वरच्यांशी बोलताना

वर जाण्याआधी फोन करा आणि त्यांना खाली बोलवा. हा क्रम महत्त्वाचा आहे. मी पहिल्यांदा रविवारी सकाळी तावातावाने वर गेलो, दारातच म्हणालो, "काकू, तुमचं पाणी आमच्या डोक्यावर पडतंय." त्यांच्याकडे पाहुणे होते. त्या क्षणापासून त्यांच्या दृष्टीने मी भांडायला आलेला माणूस झालो, आणि ते बरोबरच होतं.

माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी छत पाहिलं की अर्धा वाद तिथेच संपतो. वरच्यांना त्यांच्या घरात सगळं कोरडं दिसत असतं, मग ते विश्वास का ठेवतील? त्यांना खाली बोलवा, चहा द्या, पेन्सिलीच्या रेघा दाखवा. 'तुमच्यामुळे' हा शब्द तोंडातून काढू नका, कारण या घडीला तुम्हाला ते माहीतच नाही. "कुठून येतंय ते आपण मिळून शोधू, प्लंबरचे तपासणीचे पैसे मी देतो," एवढं म्हणा. तपासणीचे ते पैसे पुढच्या खर्चाच्या मानाने फार थोडे असतात.

वरचं घर भाड्याने दिलेलं असेल तर भाडेकरूवर चिडू नका. दुरुस्तीचा निर्णय मालकाचा असतो. सेक्रेटरींकडून मालकाचा नंबर घ्या आणि भाडेकरूला एवढंच विचारा की प्लंबर कधी आला तर चालेल. घर बंद असेल, मालक परगावी असतील, तर थांबू नका, लगेच पुढची पायरी घ्या.

५. सोसायटीला लेखी द्या

ग्रुपवर फोटो टाकणं म्हणजे तक्रार नव्हे. जिन्यात सेक्रेटरींना सांगणंही नव्हे. कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एकीवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. ऑफिस बंदच असतं किंवा कुणी सही देत नाही, असं झालं तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा.

अर्ज लांबलचक नको. डाग कधी दिसला, कुठल्या खोलीत, किती वाढला, वीज किंवा गिलाव्याचा धोका आहे का, आणि तुमची मागणी काय. मागणी 'वरच्यांवर कारवाई करा' अशी लिहू नका. 'कमिटीने दोन्ही घरांची आणि डक्टची पाहणी करून गळतीचं कारण लेखी कळवावं' अशी लिहा. कारण आदर्श उपविधींत (सोसायटीचा कारभार कसा चालवायचा याच्या नमुना नियमांत) हेच दिलेलं आहे: सेक्रेटरी आणि कमिटीचा एक सदस्य पूर्वसूचना देऊन कुठल्याही सभासदाच्या घरात दुरुस्तीची गरज तपासायला जाऊ शकतात, आणि कुठली दुरुस्ती सोसायटीने करायची, कुठली सभासदाने, याचा अहवाल कमिटीला देतात. सभासदाने मुदतीत दुरुस्ती केली नाही तर सोसायटी रीतसर नोटीस देऊन ती करून घेऊ शकते आणि खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. आलेल्या तक्रारीवर कमिटीने पुढच्या सभेत निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर १५ दिवसांत तो कळवायचा, हेही उपविधींत आहे. तुमच्या सोसायटीच्या उपविधींची प्रत शुल्क भरून मागून घ्या आणि गळती, दुरुस्ती, तक्रार ही पानं स्वतः वाचा.

फाइलमध्ये या गोष्टी हव्यात:

- घराच्या मालकीचा पुरावा: शेअर सर्टिफिकेट किंवा इंडेक्स दोनची (खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याची) प्रत
- मेंटेनन्सची शेवटची पावती
- तारखेसह फोटो आणि नोंदवही
- सोसायटीला दिलेल्या प्रत्येक अर्जाची शिक्क्याची प्रत
- प्लंबरचं किंवा इंजिनिअरचं म्हणणं, लेखी आणि सहीने
- वरच्यांशी झालेले मेसेज (पुसू नका)
- इमारतीच्या शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटची (मजबुतीच्या तपासणीची) प्रत
- आजवर झालेल्या खर्चाची बिलं

ऑडिटची प्रत मुद्दाम मागा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीचं ३ वर्षांतून एकदा व्हायला हवं, असं उपविधी सांगतात. अनेकदा त्या अहवालात डक्टमधल्या पाइपांबद्दल आधीच लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचलेलं नसतं. आमच्याकडे तसंच निघालं.

एक सापळा इथेच सांगतो. कमिटी दाद देत नाही म्हणून रागाने मेंटेनन्स भरायचं थांबवू नका. तीन महिन्यांहून अधिक थकलं की तुम्ही थकबाकीदार ठरता, व्याज चढतं, आणि तुमच्या खऱ्या तक्रारीला 'आधी थकबाकी भरा' हे उत्तर मिळतं. भरताना पत्र द्या की तक्रार कायम ठेवून भरतोय.

६. पैसे कोणाचे

उपविधींप्रमाणे, पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि ड्रेनेज लाइनींची गळती, गच्चीतून गळून सगळ्यात वरच्या घराच्या छताचं झालेलं नुकसान: हे सोसायटीने सोसायटीच्या पैशातून करायचं. संडास, बाथरूम, सिंक यांच्यामुळे घराघरांत होणाऱ्या गळतीचा खर्च 'संबंधित सदनिकाधारकांनी' करायचा.

सगळी भांडणं त्या 'संबंधित' शब्दावर होतात. काही सोसायट्या म्हणतात वरच्याने द्यावा, काही निम्मा निम्मा करतात. माझं मत विचाराल तर, ज्याच्या वापरातून पाणी निघतंय त्याने वरचं काम करावं आणि खालच्याने स्वतःच्या छताचा रंग स्वतः करावा. वरच्याला अडचण असेल, म्हातारं जोडपं पेन्शनवर राहत असेल, तर खालच्याने थोडा भार उचलावा. कोर्टकचेरीपेक्षा ते स्वस्त पडतं आणि जिन्यात एकमेकांकडे बघता येतं. काय ठरलं ते एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा.

इमारत नवी असेल तर ही सगळी यातायात करायच्या आधी ताबापत्रावरची तारीख बघा. रेरा कायद्याच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या) कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष बिल्डरला कळवला तर त्याने ३० दिवसांत, जादा पैसे न घेता तो दुरुस्त करायचा असतो. त्या मुदतीत परस्पर फोडाफोडी करू नका, नाहीतर बिल्डर 'तुमच्या मिस्त्रीने बिघडवलं' म्हणायला मोकळा होतो. आधी लेखी कळवा.

७. काम करून घेताना

हे आता आमच्या बाथरूमच्या अनुभवावरून. तीन कोटेशनं घेतली, त्यात दुपटीचा फरक होता, कारण तिघं तीन वेगळी कामं सांगत होते. म्हणून नुसती रक्कम विचारू नका, काय काय करणार ते लिहून मागा.

सगळ्यात हलकं काम म्हणजे टाइल्सचे सांधे कोरून त्यात इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारा मसाला) भरणं. फोडाफोड नाही, दोन दिवसांत होतं. ओल थोडी असेल तर आधी हेच करा. त्यापुढचं, फक्त नहाणी ट्रॅपभोवतीची फरशी फोडून ट्रॅप बदलणं. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच गळत्या ट्रॅप आणि पाइप जिथे जुळतात तिथेच होत्या. आणि सगळ्यात मोठं, फरशी, कोबा, पाइप सगळं काढून स्लॅबपर्यंत जाऊन पुन्हा बांधणं.

मोठं काम काढलंत तर चार गोष्टी स्वतः उभं राहून बघा. कोबा काढल्यावर स्लॅब झाडून, धुऊन साफ झालाय ना. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक वाळल्यावर दुसरा, आणि भिंतीवरही फूटभर वर चढवलाय ना. भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलावा भरलाय ना, कारण काटकोनातच चीर पडते. आणि भराव टाकायच्या आधी पाणी भरून ४८ तास ठेवलंय ना. मिस्त्री म्हणेल, "साहेब, गरज नाही, गॅरंटी देतो." त्याला सांगा, पाणी भरल्याशिवाय पुढचे पैसे नाहीत. आम्ही भरलं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या ताईंनी फोन केला की कोपऱ्यात पुन्हा ओल आहे. ट्रॅपच्या तोंडाशी केमिकल नीट लागलं नव्हतं. तेव्हाच सापडलं म्हणून तासाभराचं काम झालं. टाइल्स बसल्यानंतर सापडलं असतं तर सगळं पुन्हा.

काम सुरू करण्याआधी सोसायटीला पत्र द्या, डेब्रिज (फोडलेला राडारोडा) गोणीत भरून न्यायचा करार मिस्त्रीशी करा, आणि डक्टमध्ये एक विटेचा तुकडाही पडू देऊ नका. तुंबलेली लाईन सगळ्या इमारतीला भोगावी लागते. घरात एकच बाथरूम असेल तर दहा-बारा दिवसांची सोय आधी लावा. आमची सोय वरच्या काकूंनी केली. इतकं सगळं होऊनही.

खालून स्लॅबमध्ये भोकं पाडून केमिकल इंजेक्शन देणारे लोकही येतील. चिरेतून पाणी तात्पुरतं थांबतं, पण कोबा भरलेलाच राहतो आणि पाणी दुसरीकडे वाट काढतं. वरचे अजिबात काम करू देत नाहीत अशा वेळीच हा विचार करा.

८. कुणीच ऐकत नसेल तर

अर्ज देऊन, आठवण देऊन दोन-अडीच महिने झाले आणि काही हललं नाही, तर दार बरोबर निवडा. इथे लोकांची वर्षं जातात.

- दोन सभासदांमधला किंवा सभासद आणि सोसायटीमधला दुरुस्ती-गळतीचा वाद: सहकार न्यायालय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ९१. नुकसान वाढत असेल तर वकिलाला अंतरिम (निकालाआधीच्या तात्पुरत्या) आदेशाचा अर्ज करायला सांगा.
- कमिटी कागदपत्रांच्या प्रती देत नाही, नोंदी ठेवत नाही, कायद्याने ठरवून दिलेलं काम करत नाही: सहकारी संस्थांचं उपनिबंधक कार्यालय.
- स्लॅबचे ढलपे पडतायत, सळ्या उघड्या पडल्यात, इमारतीच्या मजबुतीचाच प्रश्न आहे: महापालिकेचं प्रभाग कार्यालय, फोटो आणि इंजिनिअरच्या पत्रासह.

उपनिबंधकांकडे 'वरच्यांची गळती थांबवा' असा अर्ज घेऊन गेलात तर बहुधा काही महिन्यांनी 'सहकार न्यायालयात जा' असंच उत्तर येईल. पोलिसांचा इथे उपयोग नाही, हाणामारीपर्यंत गेलं तरच. आणि गच्चीवर जाऊन वरच्यांच्या पाण्याचा व्हॉल्व्ह परस्पर बंद करू नका. तसं केल्यावर तक्रार त्यांची होते आणि आरोपी तुम्ही.

त्याआधी एक मधला मार्ग आहे तो वापरा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची असते. त्याआधी लेखी देऊन हा विषय अजेंड्यावर घ्यायला लावा आणि पाणी डक्टमधून येत असेल तर फक्त आपल्यापुरतं न मागता सगळ्या उभ्या लाइनी बदलायचा ठराव मांडा. आमच्याकडे तो मांडला तेव्हा कळलं की तिसऱ्या आणि पहिल्या मजल्यावरही ओल होती, दोघंही गप्प बसून रंग मारत होते. बीडाचे सगळे पाइप काढून पीव्हीसीचे टाकले गेले.

९. छत वाळू द्या

गळती थांबली की लगेच रंगाऱ्याला बोलवायची घाई होते. थांबा. स्लॅब आतून वाळायला दीड-दोन महिने लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. शेवटची पेन्सिलची रेघ ओढा, तारीख लिहा आणि पंखा लावून ठेवा. ओल आत सरकत गेली, कडा पांढुरक्या झाल्या, क्षारांची भुकटी हाताला लागली, की वाळतंय. मग सुटलेला गिलावा काढायचा, सळ्या तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक लावायचा, नवा गिलावा, आणि तो पूर्ण वाळल्यावर रंग. काम हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात धरा. जूनमध्ये केलेला रंग ऑगस्टमध्ये पुन्हा सोलतो.

खालच्यांनी तुमचं दार वाजवलं तर

घर घेताना आपण फक्त छत बघतो. आपली फरशी कुणाचं तरी छत आहे हे लक्षात यायला त्या घराचं दार वाजावं लागतं. ते वाजलं तर 'आमच्याकडे कोरडं आहे' म्हणून दार लावू नका. त्याच दिवशी खाली जा, बघा, आणि त्यांच्यासमोर प्लंबरला फोन करा. मधल्या काळात आंघोळ बादलीने करा, शॉवर नको, फरशीवर पाणी साठू देऊ नका, कपडे दुसरीकडे धुवा. खालचं गळणं त्याने तेवढं कमी होतं आणि त्यांना दिसतं की तुम्ही मनावर घेतलंय.

आणि टाइल्स घ्याल तेव्हा सात-आठ जादा घेऊन माळ्यावर ठेवा, खोक्यावर कंपनीचं नाव आणि बॅच नंबर लिहून. पुढच्या वेळी ट्रॅपपुरती फरशी फोडावी लागली तर तोच रंग बाजारात मिळत नाही, आणि तेवढ्यासाठी माणसं अख्खं काम पुढे ढकलत राहतात.